द्राक्षबागेचं चॅनेल काढणाऱ्या मुलीला

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कृषी पदवी झाली, घरची द्राक्षबाग आहे, आता मराठीतून द्राक्षशेतीचं चॅनेल काढायचं आहे, आणि एक लाख फॉलोअर किती दिवसांत होतील, असं तू विचारलंस. लाखाचं नंतर बघू. द्राक्षाचा बागायतदार व्हिडिओ करमणुकीसाठी बघत नाही. सकाळी बघतो आणि दुपारी फवारणीची टाकी भरतो. त्यामुळे तुझ्या कामाचा आकडा वेगळा आहे: या गोडी (फळासाठीच्या) छाटणीला ज्याने तुझं ऐकलं, तो काढणीनंतर एप्रिलच्या खरड छाटणीला परत आला का? यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षकांच्या पानावर नवे किती आणि परत आलेले किती हे वेगळं दिसतं. महिन्यातून एकदा तेवढं वहीत उतरवून ठेव. सबस्क्रायबरचा आकडा रोज बघू नकोस.

सुरुवात विषयांच्या यादीपासून कर, आणि ती यादी महिन्यांवर लावू नकोस. 'ऑक्टोबरमधील फवारणी' असं शीर्षक दिलंस तर सटाणा-देवळ्याच्या अर्ली, म्हणजे लवकर छाटणीवाल्याला ते निरुपयोगी, कारण त्याची बाग कितीतरी पुढे गेलेली असते. निफाड-दिंडोरीतही एकाच शिवारात दोन बागांच्या छाटणीत महिन्याचं अंतर असतं. बागायतदार दिवस मोजतो ते छाटणीपासून. म्हणून शीर्षक असं हवं: 'गोडी छाटणी, १५ ते २५ दिवस: डाऊनी कसा ओळखायचा' (डाऊनी म्हणजे केवडा, बुरशीचा रोग). असा व्हिडिओ तासगावलाही चालतो, पंढरपूरलाही चालतो, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा शोधला जातो. छाटणी ते काढणी साधारण चार-साडेचार महिने. दर आठ-दहा दिवसांची एक अवस्था धरलीस तर एका हंगामाचे तेरा-चौदा व्हिडिओ होतात: पेस्ट (डोळे फुटायला काडीला लावायचं रसायन), फूट, विरळणी, फुलोरा, जीएची (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची) बुडवणी, मणी वाढ, पाणी उतरणं (मणी मऊ होऊन पिकू लागणं), असे. खरड छाटणीनंतर सबकेन (शेंडा मारून काढलेली उपकाडी) आणि घडनिर्मितीचे पाच-सहा. एवढे वीस व्हिडिओ नीट झाले तर चॅनेलचा पाया झाला. रोज एक टाकायचा हट्ट धरलास तर तिसऱ्या आठवड्यात सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि मग 'शेतकऱ्यांसाठी आनंदाची बातमी' छापाचे व्हिडिओ सुरू होतात.

एक अडचण मात्र येईल. तू तुझ्या बागेत विसाव्या दिवशी चित्रण करून बाविसाव्या दिवशी टाकलंस, तर तुझ्याआधी छाटलेल्या सगळ्यांची ती अवस्था निघून गेलेली असते. त्यासाठी ओळखीतली सर्वांत आधी छाटलेली बाग धर आणि तिच्यात चित्रण कर. दुसऱ्या वर्षापासून मागच्या हंगामाचं चित्रण हाताशी असतंच. वर्णनात वाण, छाटणीची तारीख आणि गाव लिहीत जा. थॉमसन वाणाचा सल्ला कुणी जसाच्या तसा दुसऱ्या वाणाला लावला की जीएच्या प्रमाणात घोळ होतो.

पहिली तीस सेकंदं. 'नमस्कार शेतकरी बांधवांनो, चॅनेलवर नवीन असाल तर…' इथेच निम्मे लोक उठतात. स्टुडिओतल्या आलेखात तिसाव्या सेकंदाला किती जण शिल्लक आहेत हे दिसतं; दोन-चार व्हिडिओंचे आलेख शेजारी ठेवून बघ, उतार कुठे आहे ते कळेल. पहिल्याच चौकटीत पान दाखव: वरून तेलकट डाग, उलटून खाली पांढरी बुरशी. तोंडाने सांग, 'छाटणीला अठरा दिवस झाले, परवा पाऊस झाला, हे असं दिसलं तर काय करायचं ते सांगते.' नाव-गाव नंतर सांगितलं तरी चालतं.

चित्रणासाठी महागडा कॅमेरा नको. मांडवाखाली ऊन-सावलीच्या ठिपक्यांमुळे मोबाईल सतत उजेड कमी-जास्त करत राहतो. पानावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद कर. सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली, तेव्हा दवही दिसतं. पैसे घालायचेच तर माईकवर घाल. कॉलरचा माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी. शेजारी फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर थांब. चित्र जरा धूसर असलं तरी लोक बघतात. आवाज समजला नाही की निघून जातात, आणि प्रमाण चुकीचं ऐकू गेलं तर त्याहून वाईट.

आता प्रमाणाबद्दल, कारण या धंद्यात चॅनेल बसतं किंवा उठतं ते इथे. कोणतंही औषध सांगताना पडद्यावर निदान आठ सेकंद एक पाटी ठेव: घटकाचं नाव (फक्त ब्रँड नाही), त्याची टक्केवारी, एकरी मात्रा, किती पाण्यात आणि काढणीपूर्व किती दिवस थांबायचं. लोक त्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि दुकानात दाखवतात. फक्त 'लिटरला २ ग्रॅम' म्हणालीस तर काय होतं बघ. एकराला ४०० लिटर पाणी धरून ते ८०० ग्रॅम होतं. ब्लोअरवाला २०० लिटरमध्ये एकर उरकतो, तोही लिटरला २ ग्रॅमच टाकतो, म्हणजे त्याच्या बागेत ४०० ग्रॅमच गेलं. रोग आटोक्यात येत नाही आणि खाली कमेंट येते, 'ताई, तुमचं ऐकून काही उपयोग झाला नाही.' म्हणून एकरी मात्रा आधी, पाणी नंतर.

औषध त्या पिकासाठी आणि त्या रोगासाठी नोंदवलेलं आहे का, हे लेबलवर वाचल्याशिवाय तोंडातून नाव काढू नकोस. निर्यातीच्या बागेसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या उर्वरित अंश (फळात राहिलेलं औषध) तपासणी कार्यक्रमाची रसायनांची यादी असते. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्या कामाशी जोडलेलं आहे; चालू हंगामाची यादी उघडून ठेवूनच संहिता लिही, कारण ती बदलते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तो फटका बागायतदार अजून विसरलेले नाहीत. आणि २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. त्यामुळे तुझ्या व्हिडिओत फवारणारा माणूस हातमोजे-मास्कशिवाय दिसता कामा नये, मग तो तुझा सख्खा चुलता का असेना. हायड्रोजन सायनामाईडच्या पेस्टचा व्हिडिओ करशील तेव्हा एक गोष्ट ठळक सांग: ते काम करण्याआधी आणि नंतर काही दिवस दारूला स्पर्श करायचा नाही, जिवावर बेतू शकतं. हे सांगायला लोक लाजतात. तू लाजू नकोस.

तरीही कधी चूक गेलीच, तर लक्षात ठेव की यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाईल बदलता येत नाही. स्टुडिओच्या संपादकात चुकीचा भाग कापता येतो, बघितल्याचा आकडा शाबूत राहतो. मात्रेची चूक असेल तर नुसती पिन केलेली कमेंट पुरत नाही, कारण व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस कमेंट वाचत नाही. भाग काप, किंवा व्हिडिओ काढून नव्याने टाक.

थंबनेलवर तीन-चार शब्द, त्याहून जास्त नको. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही जागा मागतात, ओळी चिकटवल्या की 'भुरी' हे रोगाचं नावही वाचता येत नाही. मुक्त किंवा बलू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लहान आकारातही उघडे राहतात. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी येते, तिथे अक्षर ठेवू नकोस. तयार झाल्यावर चित्र मोबाईलवर अंगठ्याएवढं करून बघ. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांचं क्लिकचं (थंबनेल दिसल्यावर व्हिडिओ उघडण्याचं) प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं, तेव्हा ४ टक्के आले म्हणून रडायचं कारण नाही. शीर्षक देवनागरीत ठेव, पण वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत रोगाची बोलीतली नावं आणि रोमन अक्षरांतली रूपंही घाल. पुष्कळ जण मराठी शब्द रोमन कीबोर्डवरच टाईप करतात.

प्रत्येक मोठ्या व्हिडिओतून चाळीस सेकंदांचा उभा तुकडा काढ, शॉर्ट्सला आणि रील्सला. उजवीकडची आणि तळाची जागा बटणांखाली झाकली जाते, पाटी मध्यावर घे. हॅशटॅग तीन-चार पुरे. इन्स्टाग्रामवर रील अनोळखी माणसांपर्यंत जाण्यात 'किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं' याला मोठं वजन आहे. शेतकरी पाठवतो ते उपयोगाचं कोष्टक, गाणं नव्हे. शॉर्ट्सला लाखभर व्ह्यूज आले तरी हुरळू नकोस: तो प्रेक्षक बारा मिनिटांचा व्हिडिओ बघेलच असं नाही, आणि कमाईसाठी जे ४,००० तास लागतात (ते पुढे सांगते) त्यांत शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ धरतही नाहीत.

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढू नकोस, चॅनेल काढ. ग्रुपमध्ये तुझा नंबर हजार लोकांना दिसतो आणि रात्री अकराला फोन सुरू होतात. चॅनेलवर तो दिसत नाही. शिवाय एकाच ठिकाणी सगळा गोतावळा ठेवू नये. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचे फॉलोअर एका रात्रीत गेले. ज्यांनी आधीच यूट्यूबवर काही टाकून ठेवलं होतं त्यांना पुन्हा उभं राहायला जागा होती.

कमेंटसाठी दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं ठेव. 'ताई, हे काय झालं?' आणि सोबत एक धूसर फोटो, असं रोज येईल. एका फोटोवरून निदान करू नकोस. एक ठरलेलं उत्तर जतन करून ठेव: वाण, छाटणीची तारीख, शेवटच्या दोन फवारण्या, गेल्या तीन दिवसांतला पाऊस, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. निम्मे लोक एवढं पाठवणार नाहीत. जे पाठवतील ते तुझे खरे प्रेक्षक, आणि त्यांच्या प्रश्नांतून पुढच्या वर्षाचे विषय निघतात. स्टुडिओत लिंक असलेल्या कमेंट तपासणीसाठी अडवायची सोय आहे, ती चालू कर. तुझाच फोटो लावून 'या नंबरवर संपर्क करा' म्हणणारी खोटी खाती हमखास येतात. अंगावर येणाऱ्या कमेंटला वाद घालत बसू नकोस, लपव आणि पुढे जा. पण 'तुमची मात्रा चुकली' म्हणणारी कमेंट कधीही लपवू नकोस.

सबस्क्रायबर विकणारे भेटतील. घेऊ नकोस. ती खाती तुझे व्हिडिओ उघडत नाहीत, त्यामुळे क्लिकचं प्रमाण पडतं आणि वर ती खाती यूट्यूब काढूनही टाकतं. 'तू मला कर, मी तुला करतो' याचीही तीच गत.

पैशाचं सरळ सांगते. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुझा. आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मध्ये जाहिरात ठेवता येते, पण मात्रेच्या पाटीआधी ती ठेवलीस तर शिव्या खाशील. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. अमेरिकेचा कर-फॉर्म पॅनसह भरून ठेव. न भरल्यास सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात.

एकाच पिकाच्या चॅनेलवर या जाहिरातींतून घर चालत नाही. म्हणूनच कंपन्यांचे प्रतिनिधी येतील, आणि ते हजार सबस्क्रायबरच्याही आधी येतील. पहिली भेट फुकट बाटल्यांची असते. त्यांना तीन गोष्टी लेखी माग: नोंदणी क्रमांक, द्राक्षासाठीचा लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची लेबलवरची नोंद) आणि घटकाचं पूर्ण नाव. 'टॉनिक' म्हणून येणारी जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे 'याला काही कागद लागत नाही' हे उत्तर चालत नाही. कागद न देणाऱ्याला पैशाचा आकडा कितीही मोठा असो, नाही म्हण. कागद दिले तरी आपल्या बागेतल्या चार ओळींवर ते वापर, चार ओळी तशाच सोड आणि दोन्ही दाखवायची अट घाल. बहुतेक जण इथेच मागे फिरतात.

घेतलंस तर 'जाहिरात' हा शब्द मराठीत, ठळक. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत उत्पादनाबद्दल बोललं जातं तेवढा सगळा वेळ ती पाटी दिसली पाहिजे. नुसता फुकट माल मिळाला असेल तरी सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एका कंपनीकडून वर्षाला २०,००० रुपयांवर वस्तू मिळाल्या तर २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएसही लागतो. पंप भेट घेताना हे लक्षात ठेव.

खात्याची सुरक्षा एका संध्याकाळी उरकेल. दुहेरी पडताळणी एसएमएसऐवजी ॲपवर लाव, पर्यायी कोड कागदावर लिहून कपाटात ठेव. संपादन करणाऱ्या भावाला पासवर्ड देऊ नकोस, स्टुडिओतून 'संपादक' म्हणून परवानगी दे. 'प्रायोजकत्वाचा करार सोबत जोडला आहे' म्हणून आलेली झिप फाईल संगणकावर उघडू नकोस. त्यातून लॉगिनच चोरलं जातं आणि दुहेरी पडताळणीही मग उपयोगाला येत नाही. मूळ चित्रण एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, छाटणीच्या दिवसांप्रमाणे फोल्डर करून.

पहिले तीन व्हिडिओ तयार झाले की टाकण्याआधी मला खासगी लिंक पाठव. मी फक्त पहिली तीस सेकंदं आणि मात्रेची पाटी बघेन. बाकीचं तुझ्या बागायतदारांनाच ठरवू दे.

तुझी,
मावशी