भरलेली गाडी उताराला, रिकामी चढाला

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या लोहखनिजाच्या खाणींसाठी बॅटरीवर चालणारी रेल्वे इंजिनं येत आहेत, असं वाचलं. हजारो टनांची गाडी बॅटरी ओढणार कशी? आणि त्या बॅटरीचंच ओझं इंजिनाला जड होणार नाही का?

उत्तर : ओझ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. रेल्वे इंजिनाला वजन हवंच असतं. ते हलकं असेल तर मोटरमध्ये कितीही जोर असो, चाकं रुळावर जागच्या जागी घसरतात. मोटारगाडीत बॅटरीचं वजन डोकेदुखी ठरतं, इथे ते कामाला येतं.

आता ओढण्याचं. ही इंजिनं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागासाठीची. रॉय हिल या खाण कंपनीने 2021 मध्ये वॅबटेक या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीकडे मागवलेल्या इंजिनाची बॅटरी 7 मेगावॉट-तासांची (एक मेगावॉट जोर तासभर पुरवणारी ऊर्जा म्हणजे एक मेगावॉट-तास). फोर्टेस्क्यू या दुसऱ्या खाण कंपनीने 2022 मध्ये प्रोग्रेस रेल या इंजिन-उत्पादकाकडून घ्यायची ठरवलेली दोन इंजिनं आठ आसांची, बॅटरी प्रत्येकी 14.5 मेगावॉट-तासांची. आकडे दांडगे आहेत, पण तसल्या कामाचं डिझेल इंजिन पूर्ण जोरात साधारण 3.3 मेगावॉट देतं. तेवढाच जोर लावला, तर 7 मेगावॉट-तास दोन तासांत संपले. आणि रॉय हिलचा लोहमार्ग आहे 344 किलोमीटरचा! म्हणून ते इंजिन डिझेल इंजिनांच्या जोडीनेच लावायचं आहे. ‘डिझेलची सुट्टी’ छापाच्या मथळ्यांना भुलू नका.

खरी मेख उतारात आहे. खाणी आत उंचावर, पोर्ट हेडलंड बंदर समुद्रकाठी. भरलेली गाडी उतरते, रिकामी चढते. 30,000 टनांची गाडी 100 मीटर खाली आली की 8 मेगावॉट-तासांहून थोडी जास्तच ऊर्जा सुटते. चाकांचा आणि हवेचा विरोध त्यातला मोठा वाटा खातो. मंद उतारावर जवळपास सगळाच. पण उतार जरा तीव्र झाला की ब्रेक लावावाच लागतो. माझी नोकरी डिझेल शेडमधली. डायनॅमिक ब्रेक लावला की चाकं फिरवणारी ट्रॅक्शन मोटरच जनरेटर होते आणि तिची वीज रेझिस्टन्स ग्रिडमध्ये, म्हणजे विजेची उष्णता करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत, जाळून टाकायची. पट्ट्या तापून लाल, ब्लोअरचा कान फाडणारा आवाज, जाळीतून भट्टीसारखी झळ. तयार झालेली वीज अशी हवेत. बॅटरीच्या इंजिनात तीच वीज साठते आणि रिकामी गाडी वर नेताना वापरता येते.

प्रश्न : मग सरळ वरून तार टाकून गाड्या विजेवर का चालवत नाहीत?

उत्तर : दुसरीकडे चालवतातच की. स्वीडनच्या किरुनाहून नॉर्वेच्या नार्विक बंदराकडे उतरणाऱ्या खनिजगाड्या तारेला वीज परत देतात. दक्षिण आफ्रिकेत सिशेन ते सल्डान्हा या 861 किलोमीटरच्या मार्गावर 50 किलोव्होल्टची तार आहे. मला विचाराल तर सतत गाड्या धावणाऱ्या मार्गावर तारेला तोड नाही. पण पिलबारात शेकडो किलोमीटर खांब रोवायचे, तेही चक्रीवादळांच्या पट्ट्यात. शिवाय खाणीवर वाघिणी वरून भरतात, बंदरात त्या उलट्या करून रिकाम्या करतात. दोन्हीकडे तार आडवी येते. बॅटरीचं इंजिन आहे त्याच रुळांवर, आहे त्याच गाडीला जोडता येतं. चार्जिंगची सोय तेवढी करावी लागते. उन्हात बॅटरी तापण्याची काळजी मात्र खरी. त्यासाठी रॉय हिलच्या इंजिनात बॅटरी द्रवाने थंड ठेवायची व्यवस्था केली आहे.