एक्स-रेला भिंग नाही, एमआरआयला मात्र दोन्ही हात

इंदिरानगरच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: लेक दहावीला आहे. आजीच्या गुडघ्याचा आधी एक्स-रे आणि मग एमआरआय झाला, तेव्हा ती सोबत होती. घरी येताना तिने तीन गोष्टी विचारल्या. एक्स-रेच्या मशीनमध्ये भिंग बहिर्वक्र असतं की अंतर्वक्र? एमआरआय एवढा ठणाणा का वाजतो? आणि त्यात रेडिएशन असतं का? क्लासमध्ये विचारलं तर 'पेपरला येत नाही' असं उत्तर मिळालं.

पेपरला येत नाही हे खरं आहे. पण 'विद्युतधारेचे परिणाम' आणि 'भिंगे व त्यांचे उपयोग' या दोन धड्यांत पोरं हमखास मार्क घालवतात, आणि ते दोन्ही धडे अशाच प्रश्नांनी पक्के होतात. मी नाशिकरोडला बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, त्या भरवशावर सांगतो: लेकीने नेमकं विचारलंय. फक्त पहिल्या प्रश्नात एक गृहीतक लपलंय, की प्रतिमा म्हटली म्हणजे भिंग असणारच. ते आधी काढून टाकू.

एक्स-रे मशीनमध्ये भिंग नसतं. कुठलंच नाही. भिंग काम करतं ते प्रकाशकिरण काचेत शिरताना वाकतो म्हणून, आणि साध्या काचेचा अपवर्तनांक (किरण किती वाकेल ते सांगणारा आकडा; १ म्हणजे अजिबात वाकत नाही) साधारण १.५ असतो म्हणून. दवाखान्यातल्या एक्स-किरणांसाठी त्याच काचेचा अपवर्तनांक जवळजवळ १ असतो. फरक दहा लाखांत एका भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. आता हिशोब करा. जे भिंग सूर्यप्रकाश २० सेंटिमीटरवर गोळा करतं, त्याच भिंगाचं एक्स-किरणांसाठीचं नाभीय अंतर दीडशे-दोनशे किलोमीटर निघतं. म्हणजे भिंग नाशिकला आणि नाभी मुंबईला. तीही उलट्या बाजूला, कारण एक्स-किरणांसाठी काचेचा अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी भरतो आणि बहिर्वक्र भिंग अंतर्वक्रासारखं वागतं. राँटजेनने १८९५ मध्ये हे किरण शोधले, तेव्हा त्याने स्वतः काचेची आणि एबोनाइटची (कडक रबराची) मोठी भिंगं लावून पाहिली होती. काही परिणाम दिसला नाही, असं त्याने पहिल्याच निबंधात लिहून ठेवलं.

मग चित्र येतं कुठून? ती सावली असते. मशीनच्या नळीत टंगस्टनच्या तबकडीवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळतात. त्यांच्या ऊर्जेतली जेमतेम एक टक्का एक्स-किरणांत जाते, बाकी सगळी उष्णता, म्हणून तर ३४२२ अंश सेल्सिअसला वितळणारा धातू लागतो. तिथून निघालेले किरण सरळ रेषेत येतात. हाडातलं कॅल्शियम त्यांना जास्त अडवतं, मांस कमी अडवतं, आणि मागच्या प्लेटवर ज्याची त्याची सावली पडते. किरणाकृती काढायची तर भिंगाची नको, दोन समरूप त्रिकोणांची हवी. ते तर लेकीला भूमितीत आहेच.

हे त्रिकोण नुसते वहीतले नाहीत. छातीचा एक्स-रे काढताना टेक्निशियन सांगतो, "छाती प्लेटला टेकवा, खांदे पुढे घ्या, श्वास घ्या, धरा." म्हणजे पेशंटची पाठ नळीकडे असते. असं उलटं का उभं करतात? हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, ते प्लेटजवळ यावं म्हणून. नळी प्लेटपासून १८० सेंटिमीटरवर आणि हृदय प्लेटपासून समजा १० सेंटिमीटरवर असेल, तर सावली १८० भागिले १७०, म्हणजे सुमारे १.०६ पट पडते. आता अंथरुणाला खिळलेला पेशंट घ्या. प्लेट पाठीखाली, नळी वर १०० सेंटिमीटरवर, हृदय प्लेटपासून समजा २० सेंटिमीटर. १०० भागिले ८०, म्हणजे १.२५ पट. हृदय तेच, सावली चांगली सव्वापट. म्हणून फिल्मवर 'पीए' (किरण पाठीकडून छातीकडे) की 'एपी' (छातीकडून पाठीकडे) हे लिहिलेलं असतं आणि डॉक्टर ते आधी बघतात. घरचे मात्र फिल्म खिडकीकडे धरून 'हृदय मोठं झालंय वाटतं' म्हणत बसतात.

भिंगाचा विषय निघालाच आहे तर चिन्ह संकेताचं सांगून टाकतो, कारण गोंधळ तिथेच होतो. घरातलं वाचायचं भिंग घ्या. खोलीतले दिवे बंद करून खिडकीसमोर भिंग आणि त्यामागे कोरा कागद धरा. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत असेल तर फारच उत्तम, नाहीतर लांबची पाण्याची टाकी चालेल. कागद मागेपुढे करत डोंगर स्पष्ट आणि उलटा दिसला की भिंग ते कागद हे अंतर मोजा. हे झालं नाभीय अंतर. समजा २० सेंटिमीटर आलं. आता वस्तू ३० सेंटिमीटरवर ठेवली. वस्तू डावीकडे, म्हणून तिचं अंतर उणे ३०. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर अधिक २०. सूत्र जसं आहे तसंच लिहायचं: १/व्ही − १/यू = १/एफ (व्ही प्रतिमेचं अंतर, यू वस्तूचं, एफ नाभीय अंतर). चिन्ह आकड्याबरोबर जातं, सूत्राला हात लावायचा नाही. बहुतेक पोरं चिन्ह दोनदा लावतात, एकदा आकड्याला आणि एकदा सूत्रातच. इथे व्ही येतो अधिक ६०, विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट) उणे २: प्रतिमा वास्तव, उलटी, दुप्पट. वस्तू १० सेंटिमीटरवर आणली की व्ही उणे २० आणि विशालन अधिक २: आभासी, सुलटी, दुप्पट. दोन्ही वेळा दुप्पटच, फरक फक्त चिन्हाचा. हे एवढं एक उदाहरण हाताने करून पाहिलं की पुढच्या गणितांत अडत नाही.

आता एमआरआय. खरी मजा इथे आहे, कारण फ्लेमिंगचा डावा हात आणि फ्लेमिंगचा उजवा हात हे दोन्ही नियम त्या एका बोगद्यात सापडतात.

आधी आवाज. बोगद्याभोवती मोठं अतिवाहक चुंबक असतं, बहुधा १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटीहून जास्त. त्याची तार द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बुडवलेली असते, त्या थंडीत ती अतिवाहक होते, म्हणजे तिचा रोध शून्य होतो, म्हणून ते कायम चालूच असतं, लाइट गेली तरी. ते गप्प असतं. वाजतात त्या त्याच्या आत बसवलेल्या ग्रेडियंट कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी. या कॉइलमध्ये काहीशे अँपिअर विद्युतधारा झटक्याझटक्याने चालू-बंद आणि उलटसुलट करतात. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून विद्युतधारा गेली की तारेवर बल येतं. हाच फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम: तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट धारेकडे, अंगठा बलाकडे. आकडे घालून पाहा. १.५ टेस्ला गुणिले ३०० अँपिअर गुणिले १ मीटर तार, म्हणजे ४५० न्यूटन. एक मीटर तारेवर साधारण ४५ किलोच्या वजनाएवढा रेटा, आणि त्याची दिशा सेकंदाला शेकडो वेळा उलटते. कॉइल घट्ट जखडलेली असली तरी थरथरतेच, आणि कानात बोळे घालावे लागतात. एम.जी. रोडवरून आणलेल्या साध्या स्पीकरमध्येही हेच घडतं, फक्त तिथे आवाज हवा असतो.

आता चित्र. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन आहे, त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन. रेडिओ लहरीचा धक्का दिला की प्रोटॉन भोवऱ्यासारखे डोलत घुमू लागतात, १.५ टेस्लाला सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. आजीच्या गुडघ्याभोवती जे प्लास्टिकचं नळकांडं बसवलं होतं, त्याच्या आत तारेची वेटोळी असतात. घुमणाऱ्या प्रोटॉनमुळे त्या वेटोळ्यांतलं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि तारेत विद्युतधारा प्रवर्तित होते. प्रवर्तित धारेची दिशा सांगतो तो फ्लेमिंगच्या उजव्या हाताचा नियम. हाच फॅरेडेचा १८३१ चा शोध. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातही हेच चालतं: जनित्राचं चुंबक मिनिटाला ३००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५०, आणि घरात ५० हर्ट्झची वीज. गुडघ्यात फेऱ्या कोटींत आणि विद्युतधारा अगदी नगण्य, तत्त्व तेच. कुठला सिग्नल कुठल्या जागेचा, हे कळावं म्हणून ग्रेडियंट कॉइल क्षेत्र जागोजागी किंचित बदलतात, म्हणजे घुमण्याची वारंवारिताही बदलते. या कल्पनेसाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. ठणाणा होतो तो त्याचसाठी.

धातू काढायला लावतात त्याची कारणं दोन, आणि पोरं ती एकत्र करतात. पोलादाची सेफ्टी पिन किंवा सिलिंडर चुंबकाकडे ओढला जातो. ही ओढ बोगद्याच्या मधोमध नाही, तर तोंडाशी सर्वांत जास्त असते, कारण क्षेत्र तिथे सर्वांत झपाट्याने बदलतं. माणूस दारातून आत येईपर्यंत काही जाणवत नाही आणि दोन पावलांत वस्तू हातातून निसटते. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा याच कारणाने जीव गेला. आजीची चांदीची जोडवी मात्र ओढली जात नाहीत. ती काढतात, कारण बदलत्या क्षेत्रामुळे त्यांत विद्युतधारा प्रवर्तित होऊन धातू तापू शकतो, आणि आसपासचं चित्रही बिघडतं.

रेडिएशनचं उत्तर दोन ओळींत. एमआरआयमधल्या लहरी एफएम रेडिओच्या शेजारच्या. एक्स-रेच्या एका फोटॉनची ऊर्जा त्यांच्या शंभर अब्ज पटीच्या घरात असते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद एक्स-रेमध्ये आहे, एमआरआयमध्ये नाही. पण म्हणून एक्स-रेला घाबरायचं कारण नाही: छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, आणि निसर्गातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. सीटी स्कॅन हा एक्स-रेचाच प्रकार, त्याचा डोस काही मिलिसिव्हर्ट, म्हणून तो उगाच काढत नाहीत.

सोनोग्राफीचं लेकीने विचारलं नाही, पण ती नववीच्या ध्वनीच्या धड्यात होती. तिथे भिंगही नाही आणि सावलीही नाही, प्रतिध्वनी आहे. पोटावर गार जेल लावतात ती मधली हवा घालवायला, कारण हवा आणि त्वचा यांच्या सीमेवरून ९९.९ टक्के ध्वनी परत फिरतो. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. लेकीला हे गणित द्या: प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांनी परत आला, तर अवयव किती खोल? उत्तर १० सेंटिमीटर यायला हवं. २० आलं तर जायचं आणि यायचं असं दोन्ही अंतर धरलं, दोनने भागायचं राहिलं.