शोरूमला जा, पण सही करू नका

प्रश्न : मॉड्युलर किचन करायचंय. शोरूममध्ये काय बघावं? खर्च आमच्या सहा पगारांइतका आहे. ३० टक्के अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशातून देऊ, बाकीचं कर्ज शोरूमच करून देतंय : तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट व्याजाने. दोन वर्षांनी विमा पॉलिसी संपेल, तिचा हप्ता दरवर्षी भरतो. पाच वर्षांत पैसे दुप्पट होतात असं एजंट म्हणाला होता, त्यातून कर्ज फेडू.

उत्तर : शोरूमचं आधी उरकतो. स्वतःच्या स्वयंपाकघराची मापं घेऊन जा, कारण तिथली मांडणी ऐसपैस जागेत केलेली असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, बिजागऱ्या बघा, सिंकखालचं कपाट कशाचं आहे ते विचारा. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी; त्यात पाणी शिरलं की तो फुगतो. कोटेशनमध्ये कपाटांचे खोके, दारं, हार्डवेअर, ओटा आणि बसवणी वेगवेगळी लिहून मागा. नळ आणि वायरिंगचं काम बहुधा त्यात धरलेलं नसतं.

आता पॉलिसी. तुम्ही एकरकमी पैसे भरलेले नाहीत, दरवर्षी हप्ता भरताय. पहिला हप्ता पाच वर्षं राहतो, शेवटचा एकच वर्ष, सरासरी तीन. तेवढ्यात सगळ्याचं दुप्पट व्हायला वर्षाला सुमारे २४ टक्के परतावा लागतो! शिवाय हप्त्यातून कमिशन, कंपनीचा खर्च आणि विम्याची किंमत आधी वजा होते, ते वेगळंच. असा परतावा कुठलीही विमा कंपनी लिहून देणार नाही. म्हणून तो तोंडी सांगितला जातो, आणि त्याच्या भरवशावर माणसं कर्ज काढतात. मला याची चीड येते.

एजंटला नाही, थेट कंपनीला लेखी विचारा : आज पॉलिसी बंद केली तर किती मिळतील, मुदतीअखेर खात्रीने किती मिळतील, आणि अजून किती भरायचेत? भरलेले पैसे विसरून फक्त या तीन आकड्यांवर ठरवा. घरात कुणी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल, तर आधी साधा मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) हातात येऊ दे, मगच ही पॉलिसी मोडा.

कर्जही स्वस्त नाही. खर्च १०० धरला तर कर्ज ७०, व्याज २१. मुद्दल दरमहा कमी होतं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ७० वर, ‘फ्लॅट’चा अर्थ हाच. म्हणजे खरा दर सुमारे १८ टक्के. हप्ता पगाराच्या १५ टक्के, वर पॉलिसीचे हप्ते चालूच, आणि अडीअडचणीची गंगाजळी आटलेली. यात एक नोकरी गेली तर किचनचा हप्ता कुठून भरणार?

तोच १५ टक्क्यांचा हप्ता दोन वर्षं स्वतःच्या खात्यात टाका. किचनचे ६० टक्के जमतील, राखीव पैशाला हात लागणार नाही. आत्ताच्या कपाटांचे आतले खोके धड असतील तर तोवर फक्त दारं बदलून घ्या. शोरूमला खुशाल जा, कोटेशन घेऊन या. ‘आजच बुक केलं तर सूट’ म्हणाले तरी आगाऊ रक्कम देऊ नका.