मॉरीन ओ'हारा फक्त रूपासाठी गाजली, की ती खरंच हॉलिवूडशी भांडली होती?

तुम्ही लिहिलंय की 'द क्वाएट मॅन' पाहून ही आयरिश नटी आवडली, आणि मग तिचं १९४५ सालचं एक वक्तव्य वाचनात आलं. ते खरं आहे, की २०१७ मध्ये 'मी टू'ची लाट आल्यावर कुणीतरी तिच्या तोंडी घातलं, अशी तुमची शंका आहे. तिच्या या वागण्याला 'चळवळ' म्हणावं का, हीही शंका तुम्ही घेतलीय. आणि तिचे सिनेमे कुठून बघायला सुरुवात करावी, हेही विचारलंय.

वक्तव्य खरं आहे. १९४५ मध्ये 'मिरर' या वृत्तपत्राला तिने ती मुलाखत दिली होती. निर्माता-दिग्दर्शकांना मी रोज सकाळी चुंबन घेऊ देत नाही, अंगाला हात लावू देत नाही, म्हणून ही बाईच नाही, संगमरवराचा थंडगार पुतळा आहे, असं त्यांनी गावभर पसरवलंय, असं ती त्यात सांगते. मी नवऱ्याला सोडावं, पोटच्या मुलीला देऊन टाकावं, मग कुठे हे लोक मला बाई मानतील. बाईपणाची यांची कल्पना हीच असेल तर मी आजच हॉलिवूड सोडायला तयार आहे, असंही ती म्हणाली. तेव्हा तिची मुलगी जेमतेम वर्षाची होती.

हे बोलायला किती धाडस लागलं असेल हे समजायचं तर तिची तेव्हाची परिस्थिती बघावी लागते. डब्लिनच्या रॅनला भागात १७ ऑगस्ट १९२० ला जन्मलेली ही मॉरीन फिट्झसायमन्स. आई गाणारी, घरात सहा भावंडं, चौदाव्या वर्षी ॲबी थिएटरमध्ये प्रवेश. चार्ल्स लॉटन या मोठ्या नटाने तिची एक स्क्रीन टेस्ट पाहिली. भडक रंगरंगोटी केलेली ती टेस्ट तशी वाईटच होती, पण तिचे डोळे त्याच्या मनातून जाईनात. त्याच्या कंपनीने तिच्याशी सात वर्षांचा करार केला, आडनाव जाहिरातीच्या पाटीवर मावावं म्हणून बदललं, दिग्दर्शक हिचकॉकच्या 'जमैका इन'मध्ये काम दिलं आणि १९३९ मध्येच 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'साठी अमेरिकेला नेलं. एवढ्यात युद्ध सुरू झालं, आणि लॉटनने तिचा करार आरकेओ स्टुडिओला विकून टाकला. एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी विचारलंही नाही. त्या काळी कोणत्या सिनेमात काम करायचं, कोणत्या स्टुडिओला उसनं जायचं, हे सगळं मालक ठरवायचा. नकार दिला की बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या मुदतीत वाढवले जायचे (१९४४ मध्ये ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड ही नटी कोर्टात जिंकली तेव्हा कुठे ही वाढ बेकायदा ठरली). अशा वेळी करारात अडकलेली नटी स्वतःच्या नावानिशी छापून येईल असं बोलते, ही साधी गोष्ट नाही.

१९४६ चा किस्सा तिने आत्मचरित्रात सांगितलाय. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना कागदावर तिची नोंद 'ब्रिटिश प्रजाजन' अशी होती आणि ब्रिटनशी असलेली निष्ठा सोडते, अशी शपथ घ्यायची होती. ती म्हणाली, मी आयरिश आहे. ब्रिटनशी माझी निष्ठा कधी नव्हतीच, तर सोडू कशी? आयर्लंडची स्वतःची राज्यघटना १९३७ पासून होती, पण औपचारिकरीत्या देश राष्ट्रकुलात होता. प्रजासत्ताक व्हायला एप्रिल १९४९ उजाडला. त्यामुळे अमेरिकी कारकून जुनीच ओळ लिहीत राहिले. तिने सही करायचं नाकारलं, प्रकरण न्यायाधीशापर्यंत गेलं आणि शेवटी ती आयरिश म्हणूनच नोंदवली गेली, असं ती सांगते. त्याच वर्षी जुलैपर्यंत भारतीय माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळतच नव्हतं, हे आठवलं की कागदावरच्या त्या एका शब्दाचं वजन आपल्याला जास्त जाणवतं.

पण मला विचाराल तर तिची सगळ्यात मोठी कृती १९५७ ची. 'कॉन्फिडेन्शियल' नावाचं एक मासिक तेव्हा लाखांनी खपायचं. नट-नट्यांची लफडी छापायची, आणि बदनामीचा खटला भरला तर आणखी चव्हाट्यावर येईल या भीतीने कलाकार गप्प बसायचे, यावर त्याचा धंदा चाले. मार्च १९५७ च्या अंकात छापून आलं की नोव्हेंबर १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये, पस्तिसाव्या रांगेत, ओ'हारा एका पुरुषाबरोबर नको ते करताना सापडली.

कॅलिफोर्निया सरकारने मासिकावर फौजदारी खटला भरला, तेव्हा साक्षीचं समन्स येईल म्हणून कितीतरी बडे कलाकार शहर सोडून गेले. ओ'हारा कोर्टात आली. तिने पासपोर्ट पुढे ठेवला. त्यावरच्या शिक्क्यांप्रमाणे त्या दिवसांत ती अमेरिकेतच नव्हती, एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी स्पेनमध्ये होती. ज्यूरीला त्या थिएटरमध्ये नेऊन पस्तिसावी रांगही दाखवली गेली. तिच्याशिवाय उभी राहिलेली दुसरी नामवंत नटी म्हणजे डोरोथी डँड्रिज. एका गोऱ्या पुरुषाबरोबर ती लेक टाहो या सरोवराकाठच्या रानात गेली होती, असं तिच्याबद्दल छापलं होतं. कृष्णवर्णीय बाईला त्या गावात मोकळेपणी फिरायचीच सोय नव्हती, असं तिने साक्षीत सांगितलं. या दोघींची नावं एकत्र घेतली जायला हवीत, आणि डँड्रिजचं तर आवर्जून, कारण तिच्या पाठीशी ओ'हाराइतकं बळ नव्हतं.

दोन आठवडे खल करूनही ज्यूरीचं एकमत झालं नाही. तरी पुढे तडजोडीत कलाकारांची खासगी लफडी छापणं बंद करायचं मालकाला मान्य करावं लागलं, आणि १९५८ मध्ये त्याने मासिक विकून टाकलं. ओ'हाराने स्वतः लावलेला नुकसानभरपाईचा दावा कोर्टाबाहेर मिटला. या लढाईत चित्रपटसृष्टीतून आपल्यामागे कुणी उभं राहिलं नाही, ही तिची खंत शेवटपर्यंत राहिली.

आता 'चळवळ' या शब्दाबद्दल तुम्ही शंका घेतलीत, ती रास्त आहे. तिने मोर्चे काढले नाहीत, संघटना बांधली नाही. राजकारणात ती उजवीकडे झुकलेली, रिपब्लिकन पक्षाची समर्थक. १९४५ च्या मुलाखतीत तिने कुणाचं नावही घेतलं नाही. 'द क्वाएट मॅन'चा दिग्दर्शक जॉन फोर्डने एका पार्टीत आपल्या जबड्यावर ठोसा मारला होता, हे तिने थेट २००४ च्या आत्मचरित्रात लिहिलं, आणि मधल्या वर्षांत त्याच फोर्डच्या सिनेमांत ती काम करत राहिली. याचा मला त्रास होतो. पण नोकरी टिकवत, घर चालवत, दारुड्या नवऱ्याला सांभाळत जिथे जमेल तिथे ठाम नाही म्हणणाऱ्या बायका मी आसपास पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या लढ्याला कमी लेखायला माझं मन तयार होत नाही.

पुढचं थोडक्यात. १९६८ मध्ये तिने वैमानिक चार्ल्स ब्लेअरशी लग्न केलं. कॅरिबियन बेटांमध्ये त्याची जलविमानांची कंपनी होती. सप्टेंबर १९७८ मध्ये त्याचं विमान कोसळून तो गेला आणि कंपनीची सूत्रं तिने हातात घेतली. वेळापत्रकाने चालणाऱ्या अमेरिकी विमान कंपनीची ती पहिली महिला अध्यक्ष मानली जाते. आयर्लंडमधल्या फॉइन्सचं जलविमान संग्रहालय १९८९ मध्ये उघडलं, त्यामागेही ती होती. ऑस्करचं एकही नामांकन तिला कधी मिळालं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मानद ऑस्कर मिळालं. त्या संध्याकाळी पीटर ब्रुकच्या 'महाभारत' नाटकाचे लेखक जाँ-क्लोद कारिएर यांचाही सन्मान झाला. २४ ऑक्टोबर २०१५ ला ती गेली.

सिनेमांचं म्हणाल तर 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' (१९४१) आधी बघा. त्यात ती कमी बोलते आणि चेहऱ्यावर सगळं दिसतं. मग 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७), एकटीने मुलगी वाढवणारी नोकरदार बाई. आणि 'द क्वाएट मॅन' पुन्हा एकदा. १९५१ च्या उन्हाळ्यात मेयो परगण्यातल्या काँग गावात चित्रित झालेला हा सिनेमा. नायक जॉन वेन तिला माळावरून फरफटत नेतो, ते दृश्य आज बघवत नाही. त्या वाटेवर फोर्ड आणि मंडळी मुद्दाम मेंढ्यांच्या लेंड्या लोटत होती आणि ती व तिच्या मैत्रिणी त्या पुन्हा बाजूला सारत होत्या, असं ती सांगते. दुसऱ्या एका दृश्यात तिने रागाने वेनला खरोखरच हात उगारला, त्याने तो अडवला आणि तिच्या हाताचं हाड मोडलं. तरी चित्रीकरण चालू राहिलं.

या वेळी मेरी केटच्या, म्हणजे तिने केलेल्या नायिकेच्या, हुंड्याच्या वादाकडे नीट लक्ष द्या. नवऱ्याला वाटतं ती पैशासाठी अडून बसलीय. ती मागतेय ते आईकडून आलेलं सामान आणि स्वतःच्या हक्काचे पैसे, आणि ते मिळेपर्यंत मी पूर्वीसारखी मोलकरीणच आहे, लग्नाची बायको नाही, हे ती त्याला परोपरीने सांगते. फोर्डच्या या सिनेमात तिचं म्हणणं शेवटी खरं ठरतं, आणि ते पैसे मिळाल्यावर नवरा भट्टीत टाकतो तेव्हा भट्टीचं दार तीच उघडून धरते.