पॅनल एसी असूनही ड्राइव्ह ट्रिप का होतात?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये एका पॅनलमध्ये (विजेच्या बंद कपाटात) २२ किलोवॅटचे तीन ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणे) आहेत. पॅनल २ मीटर उंच, १.२ रुंद, ०.६ खोल, भिंतीला टेकलेले. एसी १५०० वॅटचा. एप्रिल-मेमध्ये शेडचे तापमान ४२ अंशांवर गेले, की ड्राइव्ह ‘ओव्हर टेम्परेचर’ दाखवून बंद पडतात. २००० वॅटचा एसी घ्यावा का?

उत्तर : नको, तोही कमी पडेल. पूर्ण लोडवर ड्राइव्हचा लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, साधारण ३ टक्के धरतात. ६६ किलोवॅटचे १९८० वॅट झाले. एसएमपीएस (पॉवर सप्लाय), पीएलसी (कंट्रोलर), कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) यांचे २०० धरा. म्हणजे आतच २१८० वॅट तयार होतात. एसीने १५०० काढले तरी ६८० उरतात आणि ते पत्र्यातूनच बाहेर जायला हवेत. पत्र्यातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या फरकाच्या दर अंशाला ५.५ वॅट जातात. भिंतीला टेकलेल्या तुमच्या पॅनलचे हिशेबात धरायचे क्षेत्रफळ सुमारे ६.५ चौरस मीटर. हिशेबाने आतले तापमान ६१ अंशांपर्यंत चढावे लागेल. ड्राइव्ह त्याआधीच ट्रिप होणार.

आत ३५ अंश राखायचे, तर उलट बाहेरून २५० वॅट आत येतात आणि गरज २४३० वर जाते. शिवाय नेमप्लेटवरची क्षमता बहुधा आत-बाहेर ३५ अंश धरून दिलेली असते. शेड तापले की कंडेन्सरचे (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचे) प्रेशर चढते आणि क्षमता घटते. आर-१३४ए गॅस ५५ अंशांना कंडेन्स होत असेल तर गेजवर सुमारे १४ बार दिसतात, ६५ अंशांना १८. म्हणून बाहेर ४५ अंश असताना एसीची क्षमता किती, हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पण खरा उपाय एसीत नाही, उष्णता आत येऊच न देण्यात आहे. ड्राइव्ह फ्लँज माउंटिंगने बसवा, म्हणजे हीटसिंक (ड्राइव्हची उष्णता सोडणारा पंखांचा धातूचा ठोकळा) पॅनलच्या पाठीमागे बाहेर राहील. आतला लॉस मॅन्युअलमध्ये बघा. तो ३० टक्के उरला तर एकूण गरज १०५० वॅटच्या आसपास येते आणि आहे तोच एसी पुरतो. त्यासाठी पॅनल भिंतीपासून पुढे ओढावे लागेल, आणि कटआउटला गॅस्केट नीट बसायला हवे.

तोवर कंडेन्सरच्या फिन्स साफ करा. धूळ आणि ऑइल मिस्ट मिळून तिथे चिकट थर बसतो, म्हणून हवा आतून बाहेर मारा. एसीची गार हवा ड्राइव्हच्या खालच्या तोंडाशी पोचते का, तेही पाहा. वरून थेट ड्राइव्हच्या गरम झोतावर पडत असेल, तर ती तशीच एसीकडे परतते.

प्रश्न : साताऱ्यात पावसाळ्यात पॅनल उघडले, की टर्मिनलवर पाणी दिसते. एसीचे सेटिंग २२ आहे.

उत्तर : सेटिंग ३५ वर न्या. बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. २२ अंशांच्या बसबारवर (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर) दार उघडताच दव धरणारच. दाराला लिमिट स्विच लावून एसी बंद होऊ द्या, रिकाम्या केबल ग्लँड (केबल आत घ्यायच्या जागा) बुजवा आणि ड्रेन पाइप कुठे मुडपला नाही ना, तेवढे पाहा.