ओळी अकरा हजार, फाइल एकतीस एमबी

प्रश्न : मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती विभागात आहे. ऊसतोडीची रोजची नोंद (गट, टोळी, खेप, काट्यावरचं वजन) आम्ही नऊ जण एकाच एक्सेल फाइलमध्ये भरतो. एक्सेल २०१६ आहे, फाइल ऑफिसच्या मुख्य कॉम्प्युटरवर शेअर केलेली. गाळपाने जोर धरल्यापासून संध्याकाळी सहाच्या सुमाराला 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, फाइल बंद पडते आणि तासाभराच्या नोंदी जातात. ओळी जेमतेम अकरा हजार, तरी फाइल ३१ एमबीची. डिसेंबरात कंत्राटावर लागलेल्या मुलीने काहीतरी दाबलं असं सगळे म्हणतात. जुन्या एक्सएलएस स्वरूपात फाइल सेव्ह केली तर हलकी होईल, असं एकाने सुचवलंय. करू का? नावं काढून प्रत सोबत पाठवतो आहे.

उत्तर : आधी त्या मुलीबद्दल. तिने काहीही बिघडवलेलं नाही, आणि हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. दूध संघाच्या हिशेब विभागात नवी असताना असाच ठपका माझ्यावर आला होता. खरं कारण सापडेपर्यंतचे आठ दिवस मी विसरलेले नाही.

तुमची फाइल उघडून मी कंट्रोल आणि एंड दाबलं. कर्सर अकरा हजारांच्या आसपास थांबायला हवा होता. तो गेला थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर. एक्सेलची ती शेवटची ओळ. कुणीतरी आठ स्तंभ खालपर्यंत निवडून चौकटी आणि पिवळा रंग भरलाय. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही, पण एक्सेल तो प्रत्येक रंगवलेला सेल जपून ठेवतं. एकतीस एमबीतला मोठा वाटा हाच.

मग कंडिशनल फॉरमॅटिंगची, म्हणजे अटीनुसार आपोआप रंग देणाऱ्या नियमांची, यादी उघडली. वजन भरलेलं नसेल तर ओळ लाल, असा तुमचा एकच नियम. यादी खाली सरकवत गेले तरी संपेना : तोच लाल रंग, तेच सूत्र, फक्त ओळींचे आकडे वेगळे. कालची ओळ कॉपी करून आज खाली पेस्ट केली की नियमही सोबत येतो आणि त्याचे तुकडे पडत जातात. पहिले तुकडे हंगामाच्या पहिल्या आठवड्यातल्या ओळींवर आहेत. ती मुलगी तेव्हा तुमच्याकडे नव्हतीच.

त्यात शेअरिंगची ही पद्धत जुनी. प्रत्येक सेव्हला एक्सेल इतरांचे बदल गोळा करून जुळवत बसतं, आणि बदलांचा इतिहासही सांभाळतं, सेटिंग न बदलल्यास तीस दिवसांचा. सहाला गटांचे आकडे आले की नऊ जण एकदम सेव्ह करत असणार. तिथेच फाइल मान टाकते.

दुरुस्ती सगळे घरी गेल्यावर करा. फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. शेअरिंग काढलं की इतिहास पुसला जातो, म्हणून हे आधी. मग रिव्ह्यू टॅबवर शेअर वर्कबुकमध्ये जाऊन एकाहून अधिक जणांना बदल करू देणारी टिक काढा. शेवटच्या नोंदीखालची पहिली रिकामी ओळ ते अगदी तळापर्यंतच्या सगळ्या ओळी निवडा आणि राइट क्लिक करून डिलीट म्हणा. कीबोर्डवरचं डिलीट बटण फक्त मजकूर पुसतं, रंग तसाच राहतो. नियम सगळे काढून एकदाच नव्याने लावा. सेव्ह करून फाइल बंद करा, पुन्हा उघडा आणि कंट्रोल-एंडने तपासा. यापुढे पेस्ट करताना पेस्ट स्पेशलमधलं 'व्हॅल्यूज' वापरा.

एक्सएलएस मात्र अजिबात नको. त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नाही. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद याच जुन्या स्वरूपामुळे वेळेवर पुढे गेली नाही, त्यांच्या संपर्कातली माणसं शोधायला उशीर झाला. तुमच्याकडे एक खेप गळाली तर एका शेतकऱ्याचं बिल अडेल. तेही मला तितकंच नको आहे.

आणि पुन्हा एका फाइलवर नऊ जण बसूच नका. प्रत्येकाची आपली फाइल, सगळ्या एका फोल्डरमध्ये. २०१६ मध्ये डेटा टॅबवर न्यू क्वेरी आहे. तिथून 'फ्रॉम फोल्डर' निवडलं की नऊही फाइली एका तक्त्यात येतात, आणि रोज संध्याकाळी फक्त रिफ्रेश करायचं. स्तंभांची नावं तेवढी अक्षरशः सारखी हवीत. एकीकडे 'खेप क्र.' आणि दुसरीकडे 'खेप क्रमांक' असेल, तर त्या फाइलचा तो स्तंभ रिकामा येईल.

हे करताना त्या मुलीला शेजारी बसवा. नियमांची ती यादी तिला दाखवा, आणि उरलेल्या सगळ्यांनाही.