वाळवंटातल्या कोरड्या हवेतून विजेशिवाय पाणी काढणारा पदार्थ खरंच आहे का?

हो, आहे. त्याला ‘मॉफ’ म्हणतात, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकट. कोपऱ्यांवर धातूचे अणू, त्यांना जोडणारे कार्बनी रेणू आणि मधे नॅनोमीटरच्या मापाच्या पोकळ्या. सगळी किमया या पोकळ्यांची! १९९९ मधल्या ‘मॉफ-५’ च्या एक-दोन चमचे भुकटीत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला असतो. मॉफच्या शोधासाठी रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रात्री हवेतली वाफ पोकळ्यांत अडकते, दिवसा उन्हाने सुटते आणि मॉफ ठेवलेल्या पेटीच्या भिंतींवर थंड होऊन पाणी बनते. याघींच्या गटाने २०१८ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात हे करून दाखवलं. ‘मॉफ-८०१’ ने किलोमागे दिवसाला १०० ग्रॅम पाणी दिलं. मात्र त्यातला झिर्कोनियम हा धातू महाग. म्हणून ॲल्युमिनियमचा ‘मॉफ-३०३’ मला जास्त महत्त्वाचा वाटतो: धातू स्वस्त आणि पाणी दुपटीहून जास्त.

तरी आज यावर गावाची तहान भागेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. किलोभर पदार्थाला काही पेले पाणी देता यायला हवं, शिवाय तो टनांनी आणि स्वस्तात बनायला हवा. कार्बन डायऑक्साइड शोषणारे मॉफ मात्र कारखान्यांपर्यंत पोहोचू लागलेत.